पथकाचं पाणी: मिरवणुकीआधी काय काय करून ठेवायचं

यादीतलं पहिलं काम बाथरूम शोधण्याचं. हसू नका. आमच्या ढोल-ताशा पथकात पाण्याचं खातं माझ्याकडे आलं तेव्हा मीही आधी जार मोजले, बाटल्या मोजल्या, लिंबं किती लागतील ते काढलं. विसर्जनाच्या दिवशी दुपारी पाहते तो मुलींच्या रांगांमधून निम्म्या बाटल्या भरलेल्या तशाच परत येत होत्या. कुणी पीतच नव्हतं. का ते मला तरी कळायला हवं होतं, कारण ढोल वाजवायचे तेव्हा मीही तेच करायचे: आदल्या रात्रीपासून पाणी तोडायचं, म्हणजे मधेच जायची वेळ येत नाही. दोन वर्षं निभावलं. तिसऱ्या वर्षी एका चौकात डोळ्यांपुढे अंधारी आली, ढोल कमरेला तसाच बांधलेला असताना मी खाली बसले, आणि उरलेली मिरवणूक एका साडीच्या दुकानाच्या पायरीवरून पाहिली.

म्हणून आठ दिवस आधी मार्ग पायी चालून या. पुण्यात मंडईजवळच्या टिळक पुतळ्यापासून बेलबाग चौक, तिथून लक्ष्मी रस्ता आणि मग अलका टॉकीजचा चौक. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. ते कापायला किती तास लागतील ते मात्र बाप्पालाच ठाऊक. या वाटेवर दर दोन-तीन चौकांमागे एक दार नक्की करायचं. कुणाची मावशी पेठेत राहते, कुणाच्या वडिलांचं दुकान आहे, कुणाचा क्लास पहिल्या मजल्यावर आहे. प्रत्यक्ष जाऊन विचारा, किती वाजेपर्यंत दार उघडं राहील तेही विचारा, आणि त्या जागांचा कागद प्रत्येक रांगेच्या ताईकडे द्या. फक्त फिरत्या शौचालयांवर भिस्त ठेवू नका. याला जोडूनच बदली वादक ठरवायचे. ढोल सोडून परत बांधायला वेळ लागतो आणि रांगेत खिंडार पडलेलं कुणालाच आवडत नाही, म्हणून पाच ढोलांमागे एक जण मोकळा हवा. त्या निमित्ताने सगळ्यांना तासा-दीड तासाने दहा मिनिटं सावलीही मिळते. हे दोन्ही झालं नसेल तर पुढचं सगळं पाणी जारमध्येच राहणार, हे लिहून ठेवा.

दुसरं काम सरावातच करायचं. घरातला वजनाचा काटा सरावाला घेऊन जा. वाजवायच्या आधी वजन, वाजवून झाल्यावर घाम पुसून, ओला टी-शर्ट बदलून पुन्हा वजन. एक किलो कमी म्हणजे साधारण एक लिटर पाणी गेलं; मधे जे प्यायलं ते त्यात मिळवायचं. समजा एखादा ६२.४ किलोचा मुलगा दोन तासांनी ६१.३ भरला आणि मधे अर्धा लिटर प्यायला होता, तर घाम गेला १.६ लिटर, म्हणजे तासाला ८०० मिली. माणसामाणसांत हा आकडा फार बदलतो. तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत काहीही निघू शकतं. सगळ्यांचं वजन करायला वेळ नसेल तर निदान ताशेवाल्यांचं आणि ध्वज नाचवणाऱ्यांचं करा. आणि वजन उलट वाढलेलं दिसलं तर तो मनुष्य गरजेपेक्षा जास्त पितोय, त्याचंही नाव टिपा. मुली काट्यावर उभ्या राहायला कुरकुरतात. आकडा फक्त मी पाहते आणि फक्त फरक लिहिते, असं सांगितल्यावर राहतात.

भाद्रपदातला घाम फसवा असतो. ऊन नसतं, आभाळ भरलेलं असतं, वाटतं काय एवढं! पण हवेतच इतका दमटपणा असतो की घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. घाम वाळतो तेव्हा अंग गार होतं. ओघळलेल्या घामाने फक्त कुर्ता भिजतो. मग शरीर आणखी घाम काढत राहतं. वरून पावसाची सर आली तर किती गेला तेही कळत नाही.

सरावाचे काळे टी-शर्ट वाळल्यावर पाहा. काहींच्या पाठीवर पांढरे नकाशे उमटलेले असतात. ते मीठ. एक लिटर घामातून साधारण अर्धा ते पावणेदोन ग्रॅम सोडियम जातं, आणि चहाच्या सपाट चमचाभर मिठात दोन ग्रॅमहून थोडं जास्त सोडियम असतं. म्हणजे नकाशेवाला वादक चार तासांत दोन-तीन चमचे मीठ सहज रस्त्यावर सांडून येतो. पोटॅशियमही जातं, पण त्यामानाने फार थोडं. ते एखाद्या केळ्याने भागतं. भरून काढायचं ते मुख्यतः पाणी आणि मीठ. तेव्हा या लोकांची नावं लिहून ठेवा, सरबत त्यांच्याकडे आधी जाईल.

इथे एक गैरसमज दरवर्षी खोडावा लागतो: जितकं जास्त पाणी तितकं चांगलं. नाही. घामातून मीठ गेलेलं असताना वरून नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, मेंदूला सूज येऊ शकते, आणि यात माणसं दगावली आहेत. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवणाऱ्या ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं गेलं, त्यात १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. धावताना वजन वाढलेल्यांना हा धोका सगळ्यात जास्त होता. म्हणून नियम साधा ठेवा: दर पंधरा-वीस मिनिटांनी दीडशे-दोनशे मिली, आणि काही झालं तरी तासाला सव्वा लिटरच्या वर नाही. ‘एक घे ना, आणखी एक घे’ असा लग्नातला आग्रह पाणी वाटणाऱ्यांनी करायचा नाही.

आता सरबत. वीस लिटरच्या एका जारला ३० ग्रॅम मीठ, ६०० ग्रॅम साखर आणि वीस-पंचवीस लिंबं. म्हणजे लिटरला दीड ग्रॅम मीठ, म्हणजेच पाव चमचा, आणि साधारण सहा चमचे साखर. साखर फक्त चवीला नसते. लहान आतड्यात साखरेतलं ग्लुकोज आणि मिठातलं सोडियम जोडीने आत ओढले जातात आणि त्यांच्या मागोमाग पाणी जातं. ओआरएस, म्हणजे जुलाबात देतात ते मीठ-साखरेचं पाणी, चालतं ते याच कारणाने. पण साखर दुप्पट-तिप्पट झाली तर सरबत पोटात रेंगाळतं आणि ढोलाची दोरी आवळलेल्या पोटात ते ढवळतं. मोजमाप अंदाजाने करू नका. आमच्याकडे एका वर्षी एका दादाने मीठ मुठीने घातलं, आणि तो जार शेवटी कुणी प्यायला नाही. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर मोजून मीठ-साखरेच्या पुड्या बांधून ठेवा. एक जार, एक पुडी. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत डॉ. दिलीप महालनोबिस यांनी कॉलराच्या रुग्णांना वाचवलं ते असंच, कोलकात्यात मोजून पिशव्यांत भरलेलं मीठ, सोडा आणि ग्लुकोज पिंपांतल्या पाण्यात मिसळून. त्यांच्यासमोर हजारो माणसं होती. आपल्याला शंभर वादकांचा हिशेब जमायला हरकत नाही.

कोकमाचं करायचं असेल तर आधी बाटली पाहा. आगळात, म्हणजे कोकमाच्या घट्ट रसात, मीठ भरपूर असतं, त्यामुळे पुडीतलं मीठ कमी करायचं आणि चाखून ठरवायचं. गोड कोकम सरबताच्या पाकात उलट मीठ नसल्यासारखंच. ताक उत्तम, पण रस्त्यावर तासन्‌तास ठेवायला बेभरवशाचं, ते परतल्यावर. नारळपाण्यात पोटॅशियम पुष्कळ आणि मीठ थोडं, म्हणून चिमूटभर मीठ घालूनच. सैंधव घेतलं तरी तेही मीठच आहे, त्याला वेगळं पुण्य नाही. मात्र ‘लो सोडियम’ मीठ या कामाला आणू नका. त्यातलं सोडियम काढून पोटॅशियम घातलेलं असतं, म्हणजे जे हवं तेच कमी, आणि मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्याला ते धोक्याचं. ग्लुकोज पावडर ही बहुतांशी साखर. एनर्जी ड्रिंकचे डबे कुणी आणले तर परत पाठवा.

ओआरएसची पाकिटं औषधाच्या दुकानातून आणून पेटीत दहा-बारा ठेवा, पण ती सगळ्यांना वाटायची नाहीत. ज्याला गोळे येतायत, उलटी झालीय, त्याच्यासाठी. लिटरचं पाकीट पूर्ण लिटरभर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत नाही. पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं आहे ना ते वाचा. नावात ‘ओआरएस’ लावून साखरपाणी विकणाऱ्या पेयांना एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने ऑक्टोबर २०२५ मध्ये तो शब्द वापरायला मनाई केली. तरी वाचण्याची सवय ठेवावी.

किती जार? शंभर वादक, चार तास, माणशी तासाला ६०० मिली, म्हणजे २४० लिटर, म्हणजे बारा जार. सहा सरबताचे, सहा साध्या पाण्याचे, आणि दोरी धरणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी दोन वेगळे, कारण त्यांना सगळेच विसरतात. गर्दीत टेम्पो बरोबर येणार नाही, म्हणून दोन गल्ल्यांमध्ये आधीच साठा उतरवून ठेवा आणि एक छोटी हातगाडी पथकाच्या मागे. बर्फ घालायचा तर खाण्याचाच; अखाद्य बर्फात निळा रंग घालण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे, त्यामुळे निळसर लादी दिसली तर हात लावू नका. बाटल्या चोचीच्या घ्या. वादकाच्या एका हातात टिपरू, दुसऱ्या हाताची थाप, ताशेवाल्याचे तर दोन्ही हात काड्यांत. त्याला वाजवता वाजवता वरूनच पाजावं लागतं. दोन रांगांमागे एक पाजणारा, आणि तो उंच असलेला बरा.

आदल्या दिवसांचंही पाहा. हरतालिका असते गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी. काही मुली त्या दिवशी पाण्याचा थेंब घेत नाहीत, रात्री जागरण करतात, आणि सकाळी आगमनाच्या मिरवणुकीत ढोल बांधतात. उपास सोड म्हणणारी मी कोण? पण त्या मुलींची नावं मला आधी कळली पाहिजेत. पहाटे उपास सोडल्यावर मीठ घातलेली पेज, किंवा पोहे आणि दोन पेले सरबत, आणि पहिला तास त्या बदलीवर. बाकीच्यांनीही वाजवायच्या दोन तास आधी दोन पेले पाणी घ्यायचं, नाश्ता खारट असू द्यायचा, लोणच्याची फोड घ्यायची. लघवी फिकट पिवळी असेल तर पुरेसं पाणी आहे. गडद असेल तर सांगा. बीपीच्या, हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मीठ-पाण्याचं आधी आपल्या डॉक्टरांना विचारून यायचं. माझ्या पुड्या त्यांच्यासाठी नाहीत.

पाजणाऱ्यांना काय ओळखायचं ते शिकवा. पिंढरीत गोळा आला तर बसवा, पाय ताणा, सरबत द्या. डोकं दुखतंय, मळमळतंय, बोटं सुजून अंगठी घट्ट झालीय आणि हा सकाळपासून पाणीच पीत होता, तर आणखी पाणी देऊ नका, दवाखान्यात न्या. आणि वादक असंबद्ध बोलायला लागला, हात चुकायला लागला, अंग तापलेलं लागतंय, मग घाम येत असो वा नसो, तो उष्माघात समजायचा: दोरी सोडा, फेटा काढा, गल्लीत न्या, अंगभर पाणी ओता, जोरात वारा घाला आणि १०८ ला फोन करा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालू नका. बेशुद्धाला पाणी पाजायला धावणारी पाच माणसं गर्दीत कुठूनही उगवतात, त्यांना थोपवण्याचं काम एकाला नेमून द्या.

वाजवून झाल्यावर लगेच घटाघटा प्यायचं नाही. जितकं वजन घटलं त्याच्या दीडपट पाणी दोन-चार तासांत सावकाश, जेवणाबरोबर. पिठलं-भात, ताक, पापड यांत मीठ आपसूक येतं. जार विसळून परत करा, डिपॉझिट घ्या. आणि ज्या काकूंनी रात्री अकरापर्यंत आपलं बाथरूम उघडं ठेवलं त्यांच्याकडे दुसऱ्या दिवशी प्रसादाचे मोदक घेऊन जा. सोबत फिनेलची एक बाटली न्या, दोन मुली न्या, आणि घासून द्या. निघताना पुढच्या वर्षीचं विचारून ठेवा.