रेफरन्स लाइनला वेगळा लेयर द्या
नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका बंगल्याचा प्लॅन प्रिंट काढून आणला, तर कागदभर उभ्या-आडव्या रेघाच रेघा! चूक माझीच. रेफरन्स लाइन, म्हणजे मापं जुळवायच्या मदतीच्या रेघा, भिंतींच्याच लेयरवर (ड्रॉइंगमधल्या पारदर्शक कागदासारख्या थरावर) मारल्या होत्या. तेव्हापासून ऑटोकॅड (प्लॅन काढायचं सॉफ्टवेअर) उघडलं की पहिलं काम हेच: वेगळा लेयर, फिका रंग, आणि लेयरच्या यादीत त्याच्यासमोरचं प्रिंटरचं चिन्ह बंद. रेघ स्क्रीनवर दिसते, कागदावर उमटत नाही. मग ‘एक्सएल’ (XL, दोन्ही बाजूंनी अमर्याद लांब रेघेची कमांड) टाइप करून एंटर. आडवीसाठी ‘एच’, उभीसाठी ‘व्ही’. शेजारची समांतर रेघ ऑफसेटनेच (दिलेल्या अंतरावर समांतर प्रत काढणाऱ्या कमांडने) घ्या, नऊ इंची भिंतीला आम्ही २३० मिमी धरतो. डोळ्याच्या अंदाजाने सरकवायची नाही, बरं का. काम संपलं तरी लेयर पुसू नका, फ्रीज करा, म्हणजे तो लपतो आणि लागला की परत दाखवता येतो. क्लायंट खिडकी हलवायला सांगतोच.