कालमापनाचा तक्ता पाठ करण्याआधी

जिऑलॉजीला नव्याने आलेल्या पोरांना पहिल्या सेमिस्टरला घाम फोडतो तो पृथ्वीच्या इतिहासाचे टप्पे दाखवणारा भिंतीवरचा रंगीत तक्ता. इऑन, इरा, पिरियड, एपॉक, एज अशी उतरंड आणि प्रत्येक रेषेपाशी एक आकडा. मराठी पुस्तकांत महाकल्प, कल्प, युग असे शब्द भेटतात. मुंबईतल्या वर्गात मात्र सगळे पिरियड आणि एपॉकच म्हणतात. माझं ऐकाल तर आकडे तूर्त झाकून ठेवा आणि नुसता क्रम घोका: कॅम्ब्रियन, ऑर्डोव्हिशियन, सिल्युरियन, डेव्होनियन, कार्बॉनिफेरस, पर्मियन, ट्रायासिक, ज्युरासिक, क्रिटेशस, पॅलिओजीन, निओजीन, क्वाटर्नरी. झोपेतून उठवून विचारलं तरी आलं पाहिजे.

मुळात क्रम आधी ठरला, आकडे फार मागाहून आले. ज्युरासिक हे नाव जुरा पर्वतावरून पडलं, डेव्होनियन इंग्लंडातल्या डेव्हनवरून, पर्मियन १८४१ साली रशियातल्या पर्मवरून. त्या काळी यातला एकही खडक किती वर्षांचा, हे कुणालाच सांगता येत नव्हतं. खालचा थर आधीचा, वरचा नंतरचा, आणि कुठल्या थरात कुठले जीवाश्म, एवढ्या भांडवलावर जवळजवळ अख्खा तक्ता उभा राहिला. किरणोत्सर्गाचा शोध लागला १८९६ साली. पृथ्वीचं सुमारे ४५५ कोटी वर्षं हे वय तर क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये, उल्कापाषाणांतल्या शिशावरून काढलं.

‘खालचा थर आधीचा’ हे वाक्य सोपं वाटतं, पण मुंबईत ते जपून वापरावं लागतं. महाबळेश्वरचा माथा समुद्रसपाटीपासून चौदाशे मीटरच्या आसपास आणि आपलं मढ-मनोरी भरतीच्या पाण्यात. मग मुंबईचा खडक जुना का? उलट, तो घाटापेक्षा तरुण आहे. पनवेलच्या पट्ट्यात लाव्हाचे थर वाकून पश्चिमेकडे कललेत. त्यामुळे आपल्याकडे समुद्राच्या दिशेने चालत जावं तसतसे साधारणपणे वरचे, म्हणजे नंतरचे थर भेटतात. वर-खाली ठरवायचं ते थरांच्या रचनेवरून, समुद्रसपाटीपासूनच्या उंचीवरून नाही. मॅपिंगला निघालात की आधी थराचा कल मोजा, बाकी सगळं नंतर. वहीत कल लिहिलेला नसेल, तर घरी आल्यावर त्या नोंदींचा फारसा उपयोग होत नाही.

आता आकड्यांकडे. दरवर्षी एक तरी ज्युनिअर विचारतेच, “ताई, गिल्बर्ट हिलचं कार्बन डेटिंग झालंय का?” नाही, आणि होणारही नाही. गिल्बर्ट हिल ही अंधेरीतली बेसाल्टची, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या खडकाची टेकडी. कार्बन-१४ चं अर्धायुष्य, म्हणजे त्याचा अर्धा साठा संपायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं. पन्नास हजार वर्षांपलीकडे मोजण्याजोगं काही उरत नाही. शिवाय कार्बन डेटिंग एकेकाळी जिवंत असलेल्या गोष्टींचं. बेसाल्टसाठी वापरतात पोटॅशियम-४०. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं आणि त्यातला थोडा भाग अर्गॉन वायूत बदलतो. लाव्हा वितळलेला असताना अर्गॉन निसटून जातो, थिजल्यावर खनिजात अडकत जातो. म्हणजे मोजणी सुरू होते ती खडक थंड झाल्यापासून.

प्रत्यक्ष काम वाटतं त्याहून कंटाळवाणं आहे, हे आधीच सांगून ठेवते. खडक फोडायचा, वाळूएवढा बारीक करायचा, धुवायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेक दाणा निवडायचा. हिरवट, मातकट दिसला की बाजूला, कारण हवापाण्याने बदललेला दाणा अर्गॉन धरून ठेवत नाही. निवडलेले दाणे अणुभट्टीत न्यूट्रॉनच्या माऱ्याखाली जातात, मग टप्प्याटप्प्याने तापवून प्रत्येक टप्प्याला सुटलेला वायू मोजतात. लागोपाठच्या टप्प्यांतून एकच वय निघालं तर त्याला प्लॅटो म्हणतात. आलेख जिन्यासारखा चढत गेला, तर त्या दगडातून अर्गॉन गळालाय असं समजायचं. या पद्धतीला अर्गॉन-अर्गॉन म्हणतात. पवईला आयआयटीत तिची राष्ट्रीय सुविधा आहे; एमएस्सीच्या प्रोजेक्टला असं काम मिळालं तर सोडू नका.

अंधेरी पश्चिमेची गिल्बर्ट हिल घ्या. वर गावदेवीचं देऊळ, भोवती इमारतींचा वेढा, मध्ये बेसाल्टचे उभे खांब. लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा पडतात आणि असे बहुकोनी खांब तयार होतात. बातम्यांत तिचं वय बहुधा साडेसहा कोटी छापून येतं. पण २००१ साली हेतू शेठ आणि सहकाऱ्यांनी अर्गॉन-अर्गॉन पद्धतीने काढलेलं वय आहे ६.०५ कोटी, अधिक-उणे १२ लाख वर्षं. मनोरी आणि साकीनाक्याच्या खडकांची वयंही त्याच सुमाराची, सहा ते सव्वासहा कोटींच्या दरम्यान. हा फरक किरकोळ नाही. क्रिटेशसचा शेवट ६.६ कोटींना, डायनोसॉर तिथेच संपले. म्हणजे गिल्बर्ट हिल पॅलिओसीनची, पॅलिओजीनच्या पहिल्या एपॉकची. तिच्या लाव्हाने एकही डायनोसॉर पाहिलेला नाही. घाटातला दख्खन ट्रॅपचा, म्हणजे दख्खनभर पसरलेल्या या लाव्हाच्या थरांचा, मुख्य भाग मात्र त्या सीमेच्या आगेमागे ओतला गेला. तिथे लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या राखेतल्या झिरकॉन या खनिजावरून, युरेनियम-शिसे पद्धतीने त्याची बारीक मोजणी झाली आहे. बेसाल्टमध्ये झिरकॉन सहसा नसतोच, म्हणून राख शोधत फिरायचं.

साडेसहा कोटी हा आकडा कुठून आला, तेही कळायला हवं. जुन्या तक्त्यांत क्रिटेशसची सीमाच ६.५ किंवा ६.५५ कोटींना होती. अर्गॉन पद्धतीत नमुना एका प्रमाण खनिजाशी ताडून बघतात; त्या खनिजाचं वयच सुधारलं गेलं आणि त्यावर बेतलेली वयं अर्ध्या-पाऊण टक्क्याने सरकली. कॅम्ब्रियनचा आरंभही ५४.२ कोटींवरून ५४.१ आणि आता ५३.८८ कोटींवर आलाय. त्यामुळे सीनिअरकडून वारशाने आलेल्या नोट्स वापरताना तक्ता कुठल्या सालचा ते आधी बघा. आंतरराष्ट्रीय स्तरविज्ञान आयोगाचा ताजा तक्ता फुकट मिळतो. त्यात सोनेरी खिळ्याची खूण असलेल्या सीमा जगातल्या एका ठरावीक ठिकाणच्या ठरावीक थराशी बांधलेल्या असतात. क्रिटेशसच्या शेवटाचा खिळा ट्युनिशियात एल केफला आहे; शेवटच्या ४,२०० वर्षांच्या मेघालयन एजचा, २०१८ साली मंजूर झालेला, मेघालयातल्या मावम्लूह गुहेतल्या लवणस्तंभात. मेघालयनचा हा प्रश्न परीक्षकांचा फार लाडका.

परीक्षेचं म्हणाल तर एमएस्सीच्या प्रवेशासाठी जॅम, पुढे गेट, आणि जीएसआयमध्ये (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण) जायचं तर यूपीएससीची कम्बाइन्ड जिओ-सायंटिस्ट. तिन्हींकडे अप्पर क्रिटेशस आणि लेट क्रिटेशस यांत गफलत करणाऱ्याला सूट नाही: पहिला खडक, दुसरा काळ. भुयारं आणि पायाच्या खोदाईच्या नोकरीत मात्र वय कुणी विचारत नाही. तिथे कोअर बॉक्समधला, म्हणजे बोअर मारून काढून पेटीत ठेवलेला, दगड अखंड आहे की तुटका, एवढंच बघतात. पण दोन बेसाल्टच्या मधोमध ब्रेशियाचा (टोकदार तुकड्यांचा खडक) किंवा मऊ शेलचा (चिखलाचा थिजलेला खडक) पट्टा लागला, तर तो पुढच्या बोअरमध्ये किती खोलीवर भेटेल हे थरांचा क्रम येणाराच सांगू शकतो, आणि साइटवर मग त्यालाच फोन येतो.