मुलींचा सायफर भरवताना: वेळ, बीट आणि माइक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात रॅप करणाऱ्या मुली कमी दिसतात. त्यांना लिहिता येत नाही हे काही त्याचं कारण नव्हे. सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीने रॅप म्हणण्याची बैठक, रात्री साडेआठला सुरू होतो, बीट (रॅपमागे वाजणारा ताल) एखाद्या मुलाच्या मोबाइलवर, माइक दुसऱ्याच्या हातात आणि गावाकडची शेवटची बस निघून गेलेली. मग पोरी येणार कुठून? आधी ही मांडणी बदला, यमकाचं नंतर बघू.

तारीख धरण्यापूर्वी सगळ्यात लांबून येणाऱ्या मुलीला तिची शेवटची बस विचारा आणि त्याच्या तासभर आधी आटपेल असं बघा. रविवारी ३ ते ५ बरं पडतं. १ नोव्हेंबरच्या आसपास काही ठेवू नका: एकीकडे कर्नाटक राज्योत्सव, दुसरीकडे सीमाभागातल्या मराठी लोकांचा काळा दिवस, त्यात चार मुलींनी गोल करून माइक हातात घेतला तरी चौकशी होते. पावसाळ्यात उघड्यावर नको आणि पत्र्याच्या शेडमध्ये तर नकोच, बीटच ऐकू येत नाही. मंगल कार्यालय फुकट मिळालं तरी घेऊ नका. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांवर चढतात. वाचनालयाची किंवा महिला मंडळाची खोली, खाली सतरंजी, खिडक्यांना पडदे, एवढं पुरे.

आता बीट. सुरुवातीला ९० बीपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ९० ठोक्यांच्या, आसपास राहा. ड्रिल या रॅपच्या प्रकाराचे १४० चे बीट मोहात पाडतात, पण त्यावर मराठी जोडाक्षरं तोंडात अडकतात. ९० ला चार ठोक्यांचा एक बार, १६ बारचे ६४ ठोके, म्हणजे एकीला साधारण ४३ सेकंद. दोघींच्या मध्ये दोन बार मोकळे सोडले, तर दहा जणींची एक फेरी ८ मिनिटांत होते. म्हणून लूप, म्हणजे तोच बीट पुन्हा पुन्हा जोडून, निदान ९ मिनिटांचा करून ठेवा. नेटवरचा तीन मिनिटांचा बीट तसाच लावला तर तो नेमका चौथीच्या तोंडात थांबतो, आणि नवखी असेल तर ती त्या दिवशी पुन्हा उभी राहत नाही. बीट आधी डाउनलोड करा आणि मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच जाहिरात लागते किंवा कुणाची तरी आई फोन करते. हा मोबाइल मुलीच्याच हातात हवा. मुलगे ऐकायला आले तर येऊ देत, पण बीट लावणं, वेळ बघणं आणि रेकॉर्डिंग ही तीन कामं त्यांच्याकडे गेली की सायफर कुणाचा ते ठरून जातं.

हिप-हॉपची सुरुवात ज्या पार्टीपासून मोजतात, ती ११ ऑगस्ट १९७३ ची न्यूयॉर्कमधल्या ब्रॉंक्सची पार्टी सिंडी कॅम्पबेल या मुलीने ठरवली होती. शाळेच्या नव्या कपड्यांसाठी पैसे हवे होते. खोली तिने भाड्याने घेतली आणि प्रवेश मुलींना २५ सेंट, मुलांना ५० सेंट ठेवला. रेकॉर्ड वाजवणारा तिचा भाऊ कूल हर्क जगभर गाजला. सगळा बंदोबस्त तिचा, नाव मात्र त्याचं.

पहिली फेरी उखाण्याची घ्या. नवऱ्याच्या नावाच्या जागी स्वतःचं नाव किंवा गल्ली, दोनच ओळी. जागच्या जागी यमक जुळवायची सवय घराघरांत आहे, ती अशी मोकळी होते. नवखीला पहिलीही उभी करू नका आणि शेवटचीही, तिसरी-चौथी ठीक. 'पास' म्हटलं की पुढची, आग्रह नाही. जात, अंग आणि आईबाप यांवरून टोमणे नाहीत, हे सुरू होण्याआधीच सांगून टाका.

लिहिताना सगळ्यात जास्त फसतं ते यमक. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे 'पान मी कापते, विडी मी वळते' असं ते-ते-ते होत जातं आणि चौथ्या ओळीला कान कंटाळतो. क्रियापद आत ढकला, नाम शेवटी आणा:

तेंदूचं पान, हातात कात्री,
हजाराचा हिशेब होतो रात्री.

निपाणीत विडीची मजुरी हजारावर मोजतात हे ऐकणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही. एका बारमध्ये ८ ते १२ अक्षरं बसवा, दर दोन बारनंतर वहीत तिरकी रेघ मारा आणि श्वास तिथेच घ्या. रेघ नसली की श्वास यमकाच्या आधी संपतो आणि नेमका यमकाचाच शब्द गिळला जातो. इकडे घरात बऱ्याच मुली 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. वहीत येताच त्याचं 'आले, गेले' होतं आणि ओळीतला जीव जातो. बोलता तसंच लिहा. कन्नड ओळ आली तर येऊ द्या, लगेच तिचा मराठी अर्थ सांगत बसू नका.

आवाज जाडा काढायचा प्रयत्न करू नका, दोन फेऱ्यांत घसा बसतो. नळावर पाळीसाठी भांडताना जो आवाज लागतो, तोच लावा. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा. जाळी मुठीत झाकली की आवाज कोंदट होतो आणि शिटी वाजते. साउंडवाले दादा बहुधा मुलांच्या आवाजावर सेटिंग ठेवतात आणि मुलीचा आवाज बारीक वाटला की बेस वाढवतात. त्याने फक्त गडगड वाढते. बायकांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारण १६५ ते २५५ हर्ट्‌झमध्ये असतो. तेव्हा १०० हर्ट्‌झच्या खालचं कापायला सांगा, आणि 'स', 'श' टोचत असतील तर ६ ते ८ किलोहर्ट्‌झच्या पट्ट्यात थोडं कमी करायला सांगा.

घरी मोबाइलवर रेकॉर्ड करताना ब्लूटूथचे इअरफोन वापरू नका. त्यांतून बीट किंचित उशिरा ऐकू येतो, म्हणून आवाजही मागे पडतो आणि ताल चुकल्यासारखा वाटतो. वायरचे घ्या, मोबाइल वीतभर लांब ठेवा.

व्हिडिओ टाकण्याआधी त्यात दिसणाऱ्या प्रत्येकीला तो दाखवा. एकीनेही नको म्हटलं तर तिचा भाग काढून टाका. चेहरा नको असेल तर हात, वही, चपला यांचं चित्रण करा. मागे घराची पाटी किंवा कॉलेजचं ओळखपत्र दिसत नाही ना, ते थांबवून बघा. कमेंट पहिले काही दिवस बंदच ठेवा.