सूत्रकृमीच्या आयुर्मानावरील दोन जनुकांचे परस्परनाते कसे तपासावे

सी. एलेगन्स हा सुमारे १ मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी २० अंश सेल्सिअस तापमानात साधारण दोन-तीन आठवडे जगतो. डॅफ-२ या जनुकात उत्परिवर्तन, म्हणजे कायमचा बदल, झालेले कृमी त्याच्या दुप्पट जगतात, असे सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली दाखवले. त्याच शोधनिबंधात आणखी एक निष्कर्ष होता, आणि माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे: डॅफ-१६ हे दुसरे जनुक निकामी असेल, तर डॅफ-२ मुळे मिळणारे हे वाढीव आयुष्य मिळत नाही. डॅफ-२ हे इन्सुलिनसदृश संदेश स्वीकारणाऱ्या ग्राही प्रथिनाचे जनुक आहे. तो संदेश चालू असताना डॅफ-१६ प्रथिन पेशीकेंद्रकाबाहेर अडकून पडते आणि संदेश क्षीण झाला की ते केंद्रकात शिरून इतर अनेक जनुकांचे कार्य बदलते. ही साखळी उलगडण्यास ज्या प्रकारच्या प्रयोगाने सुरुवात झाली, तो कसा करावा आणि मुख्यतः त्याचा अर्थ कसा लावावा, हे येथे याच जोडीच्या आधारे सांगितले आहे.

पहिले काम म्हणजे दोन्ही उत्परिवर्तने असलेला दुहेरी वाण तयार करणे. या कृमींमध्ये बहुतेक जीव उभयलिंगी असून नर हजारात एक-दोनच निपजतात. चौथ्या अवस्थेतील अळ्या काही तास ३० अंशांना ठेवल्यास त्यांच्या संततीत नरांचे प्रमाण वाढते. डॅफ-१६ वाणाचे नर आणि डॅफ-२ वाणाचे उभयलिंगी एकत्र ठेवावेत आणि संततीत जवळपास निम्मे नर दिसले, की संकर साधला असे समजावे. या संततीतील उभयलिंगींना स्वफलनाने पुढची पिढी देऊ द्यावी. दोन्ही जनुके वेगवेगळ्या गुणसूत्रांवर असल्याने त्या पिढीत सोळांत एक कृमी हवा तसा असतो, पण तो डोळ्यांनी ओळखता येत नाही. डॅफ-२ चे कृमी २५ अंशांना वाढवले, तर ते प्रौढ न होता डाउअर या सुप्त अळी-अवस्थेत थांबतात, आणि नेमकी हीच खूण डॅफ-१६ च्या उत्परिवर्तनाने पुसली जाते. म्हणून उलट्या वाटेने जावे: आधी डाउअर झालेल्या अळ्याच वेगवेगळ्या निवडाव्यात, १५ अंशांना नेऊन त्यांना प्रौढ होऊ द्यावे आणि त्यांची संतती पुन्हा २५ अंशांना वाढवावी. त्या संततीत डाउअर भावंडांमध्ये जे थोडे कृमी सरळ प्रौढ होतात, ते दुहेरी उत्परिवर्ती असण्याची दाट शक्यता असते; तरीही पीसीआर आणि डीएनए क्रमवाचनाने खात्री करून घ्यावीच.

आयुर्मान मोजताना मूळ (उत्परिवर्तन नसलेला) वाण, दोन्ही एकेरी वाण आणि दुहेरी वाण असे चारही गट एकाच वेळी, एकाच तापमानात आणि खाद्य म्हणून ई. कोलाय जीवाणूंची एकाच खेपेत वाढवलेली वाढ पसरलेल्या अगार प्लेटांवर ठेवावेत. जुन्या प्रयोगातील मूळ वाणाचे आकडे उसने घेऊ नयेत. प्रत्येक गटात शंभराच्या आसपास कृमी असावेत, प्रयोग किमान तीनदा स्वतंत्रपणे करावा आणि मोजणाऱ्याला प्लेटवरील वाण माहीत नसावा. अंडी घालण्याच्या काळात प्रौढांना दर एक-दोन दिवसांनी नव्या प्लेटवर हलवावे, अन्यथा पिल्लांच्या गर्दीत मूळ कृमी हरवतात. हे कष्ट वाचवण्यासाठी अनेक जण पिल्ले निपजू न देणारे एफयूडीआर हे औषध वापरतात. मात्र गॅस-१ सारख्या काही उत्परिवर्तींचे आयुष्य या औषधानेच बदलते, त्यामुळे परस्परनात्याच्या प्रयोगात ते टाळलेलेच बरे. प्लॅटिनमच्या तारेने हलकेच स्पर्श करूनही जो हलत नाही, तो मृत धरावा. प्लेटच्या कडेवर चढून वाळलेले, किंवा पोटातच अंडी फुटून मेलेले कृमी वगळून टाकू नयेत, तर त्या दिवसापर्यंत जिवंत होते अशी त्यांची नोंद करावी.

खरी कसोटी अर्थ लावताना लागते. समजा मूळ वाण सरासरी २० दिवस, पहिला एकेरी वाण ४०, दुसरा १८ आणि दुहेरी वाणही १८ दिवस जगला, तर पहिल्याचा परिणाम दुसऱ्या जनुकावर अवलंबून आहे, असे म्हणता येते. पण दुसऱ्या उत्परिवर्तनाने कृमी केवळ आजारी पडून लवकर मरत असतील, तरीही आकडे असेच येतील. यासाठी तेच उत्परिवर्तन दीर्घायुष्याच्या एखाद्या वेगळ्या वाणात घालून पाहावे. ईट-२ या जनुकात उत्परिवर्तन असलेले कृमी घशाचे स्नायू मंद चालत असल्याने कमी खातात आणि जास्त जगतात, आणि डॅफ-१६ निकामी केले तरी त्यांचा हा लाभ टिकतो. म्हणून डॅफ-१६ चा अडथळा सरसकट अशक्तपणाचा नाही, हे स्पष्ट होते.

दोन्ही उत्परिवर्तने आयुष्य वाढवणारी असतील, तर प्रकरण अधिक नाजूक होते. २० दिवसांच्या मूळ वाणापुढे एकेरी वाण ३० आणि २६ दिवस जगत असतील, तर दुहेरी वाण बेरजेच्या हिशेबाने ३६ आणि गुणाकाराच्या हिशेबाने ३९ दिवस जगावा. यांपैकी कोणता हिशेब धरणार, हे प्रयोगापूर्वीच ठरवावे. जिवंत कृमींचे घटते प्रमाण दाखवणाऱ्या वक्रांची दोन-दोन करून केलेली लॉग-रँक ही सांख्यिकीय तुलना येथे अपुरी पडते आणि कॉक्स या मृत्यूच्या जोखमीच्या सांख्यिकीय प्रतिमानात परस्परक्रियेचे पद घालूनच उत्तर शोधावे लागते. शिवाय उत्परिवर्तन जनुकाला पूर्ण निकामी करते की अंशतः, हे माहीत असल्याशिवाय ‘दोन मार्ग स्वतंत्र आहेत’ असे लिहू नये, कारण अर्धवट बंद पडलेल्या एकाच मार्गाला दुसरा धक्का दिला तरी आयुष्य आणखी वाढू शकते. प्रचलित डॅफ-२ उत्परिवर्तने अशीच अंशतः असतात. डॅफ-२ आणि सीएलके-१ (उत्परिवर्तनाने आयुष्य वाढवणारे आणखी एक जनुक) यांचा दुहेरी वाण मूळ वाणाच्या जवळपास पाचपट जगतो, तर सीएलके-१ च्या दीर्घायुष्यात ईट-२ फारशी भर घालत नाही. या दोन निकालांना एकाच तराजूत तोलता येत नाही, ते याच कारणाने.

दोन परिणामांना एकच जनुक लागते, म्हणून ते दोन परिणाम एकच आहेत, असेही ठरत नाही. १९९९ साली ऑनर सिन आणि केन्यन यांनी लेझरने जननपेशींच्या पूर्वपेशी नष्ट केल्या, तेव्हा कृमींचे आयुष्य वाढले आणि त्यासाठी डॅफ-१६ आवश्यक ठरले. मात्र हाच उपचार डॅफ-२ च्या उत्परिवर्तींवर केल्यावर त्यांचे आधीच लांबलेले आयुष्य आणखी लांबले. म्हणजे डॅफ-१६ दोन्हीकडे लागत असले, तरी जननपेशींकडून येणारा प्रभाव केवळ डॅफ-२ मार्फतच त्याच्यापर्यंत पोहोचतो, असे या निकालावरून म्हणता येत नाही.