शाळेत बाहेरून येणाऱ्यांवर किती बंदोबस्त हवा? व्यवस्थापनाने या चुका टाळाव्यात

कुठल्या तरी शाळेवर हल्ला झाल्याची बातमी आली की इतर शाळांत तातडीने बैठका होतात, भिंती उंच करण्याचे ठराव होतात आणि कॅमेऱ्यांची संख्या वाढते. पालकांची काळजी खरी असते आणि तिची दखल घेतलीच पाहिजे. परंतु घाईत होणारा खर्च बहुधा डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींवर होतो आणि अनोळखी माणूस ज्या वाटेने सहज आत येतो ती वाट तशीच मोकळी राहते. माझ्या मते शाळेला लागणारा बंदोबस्त मर्यादितच आहे, मात्र तो रोज न चुकता पाळावा लागतो. आत येण्याची एकच वाट, त्या वाटेवर विचारपूस करणारा माणूस, आतून चटकन बंद होणारी वर्गाची दारे आणि मूल कोणाच्या हाती दिले याची खात्री, एवढ्या गोष्टी पक्क्या होईपर्यंत बाकी कशावरही पैसा घालू नये.

‘कोणाचे तरी पालक असतील’ असे समजणे

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. ८ जून २००१ रोजी जपानमधील ओसाका प्रांतातील इकेदा येथील प्राथमिक शाळेत एक माणूस चाकू घेऊन उघड्या फाटकातून शिरला आणि त्याने आठ मुलांचा जीव घेतला. वाटेत त्याला एक शिक्षक भेटले होते. त्यांनी मान लववून अभिवादन केले, समोरून प्रतिसाद आला नाही, तरीही कोणी पालक असावेत असे समजून ते पुढे गेले. त्या शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही, कारण अनोळखी माणसाला हटकणे म्हणजे उद्धटपणा, असे जवळजवळ प्रत्येकालाच वाटते आणि बहुतेक शाळांत आजही हेच घडेल.

हा संकोच सूचनाफलक लावून जात नाही. त्यासाठी काय बोलायचे ते आधीच ठरवून द्यावे लागते. “नमस्कार, आपल्याला कोणाला भेटायचे आहे? चला, मी कार्यालयापर्यंत सोबत येतो,” हे वाक्य मुख्याध्यापकांपासून शिपाई, सफाई कर्मचारी आणि बदली शिक्षकांपर्यंत सर्वांच्या तोंडी बसले पाहिजे. सरळ हेतूने आलेल्याला ती मदत वाटते, आणि ज्याचा हेतू वेगळा आहे त्याला आपण नजरेत आलो हे कळते. विद्यार्थ्यांवर मात्र हे काम टाकू नये. त्यांनी स्वतः चौकशी न करता जवळच्या शिक्षकाला सांगावे.

नोंदवही केवळ रकाने भरण्यासाठी ठेवणे

कोणत्याही शाळेच्या फाटकावरील नोंदवहीचे एक पान नीट वाचून पाहावे. नाव घाईत लिहिलेले, ‘काम’ या रकान्यात ‘भेट’ एवढाच शब्द, आणि बाहेर पडल्याच्या वेळेचा रकाना ओळीने रिकामा. अशा वहीतून या क्षणी इमारतीत कोण आहे हे सांगता येत नाही, आणि आग लागली तर नेमके तेच सांगावे लागते. कोणाला भेटायचे आहे हे लिहून घ्यावे, त्या व्यक्तीला फोन करून खात्री करावी, तारीख लिहिलेला बिल्ला द्यावा आणि तो परत घेतल्यावरच जाण्याची वेळ नोंदवावी. शाळा सुटल्यावर बिल्ले मोजले की कोण आत राहिले ते लगेच कळते.

कुलूप आहे म्हणजे दार बंद आहे, असे मानणे

२०२२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात उवाल्डी येथील शाळेत १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. दारे कुलूपबंद ठेवण्याचा नियम तेथे होता. प्रत्यक्षात किल्ल्या कमी असल्यामुळे दारांना अडसर लावून ती उघडी ठेवण्याची सवय पडली होती, असे राज्याच्या विधिमंडळाच्या चौकशी समितीने नोंदवले. गैरसोयीचा नियम माणसे मोडतातच, त्यामुळे केवळ ताकीद देऊन भागत नाही. मागच्या दाराला वीट लावलेली दिसली तर ती काढण्याआधी त्या दाराने कोण, किती वेळा आणि कशासाठी ये-जा करते हे पाहावे. बदली शिक्षकांनाही किल्ली मिळते का, हेही तपासावे.

याच्या उलट टोकाची चूक तितकीच घातक आहे. बाहेरचा माणूस येऊ नये म्हणून आपत्कालीन दाराला साखळी घालणे हा कधीही मान्य न करण्याजोगा प्रकार आहे. २००४ मध्ये तमिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेच्या आगीत ९४ मुले दगावली. अरुंद जिन्यावरून बाहेर पडणे त्यांना शक्य झाले नाही. दार बाहेरून न उघडणारे, पण आतून एका हाताने, किल्लीशिवाय उघडणारे असावे.

यंत्रांवर विसंबणे

कॅमेरा घडलेले दाखवतो. कोणी सतत पाहत नसेल तर तो काहीही थांबवत नाही. २००५ मध्ये अमेरिकेतील रेड लेक येथील शाळेच्या प्रवेशद्वारावर धातुशोधक होता आणि निःशस्त्र रक्षकही होते, परंतु बंदूक घेऊन आलेल्या हल्लेखोराने शाळेत पहिला बळी त्यांपैकी एका रक्षकाचाच घेतला. शिवाय रोज सकाळी तपासणीसाठी मुलांची रांग फाटकाबाहेर उभी करणे हा स्वतंत्र धोका आहेच.

मूल सोपवताना ढिलाई

शस्त्रधारी हल्ला अत्यंत विरळ असतो, तर मूल न्यायला कोणीतरी येणे रोज घडते. म्हणूनच माझा सर्वाधिक आग्रह येथे आहे. “आज काका न्यायला येतील,” असा फोन आला तर ज्या क्रमांकावरून फोन आला त्याच क्रमांकावर खात्री करून उपयोग नाही; प्रवेशाच्या वेळी नोंदवलेल्या क्रमांकावर शाळेने स्वतः फोन करावा. मूल त्या माणसाला ओळखते एवढेही पुरेसे नाही. मुलांवरील अत्याचार आणि अपहरणाच्या कितीतरी प्रकरणांत दोषी व्यक्ती ओळखीचीच असते. आईवडील विभक्त असतील तर ताब्याविषयीच्या न्यायालयीन आदेशाची प्रत कार्यालयात असावी, आणि वर्गशिक्षकांना तो ठाऊक असावा. याच कारणासाठी शाळेत नियमित येणारे प्रशिक्षक, वाहनचालक आणि कंत्राटी कामगार यांचीही पडताळणी करावी व त्यांना मुलांसोबत एकटे सोडू नये.

तरीही व्यवस्था कोलमडत असेल तर

बहुधा ती शाळा सुटताना किंवा स्नेहसंमेलनाच्या दिवशी कोलमडते. अशा वेळी प्रत्येकाची नोंद शक्य नसते. त्यामुळे पाहुण्यांना मैदान आणि सभागृहापुरतेच ठेवावे, वर्गांकडे जाणारे जिने बंद करून तेथे शिक्षक उभे करावेत आणि लहान वर्ग आधी सोडावेत. फाटकावरील माणूस मध्येच इतर कामासाठी बोलावला जात असेल तर ती पद्धत प्रथम बंद करावी.

सर्व बसले आहे की नाही हे पाहण्यासाठी मुख्याध्यापकांनी फाटकावरील रक्षकाला कल्पना देऊन, कर्मचाऱ्यांना अपरिचित अशा एखाद्या विश्वासू व्यक्तीला सुट्टीची वेळ टाळून बिल्ल्याविना आत पाठवावे आणि तिला पहिल्यांदा कोणी, कुठे विचारले ते टिपून घ्यावे. कोणीच विचारले नाही तर ज्यांच्या समोरून ती गेली त्यांना नोटीस देऊ नये, अन्यथा पुढच्या वेळी खरी त्रुटीही लपवली जाईल. त्यांना एकत्र बसवून विचारायला संकोच कशामुळे वाटला ते ऐकावे आणि पुढील महिन्यात तीच चाचणी दुसऱ्या दाराने घ्यावी.