उतारावरच्या घराचं चिऱ्याचं जोतं

आमची जागा चिपळूणकडची, डोंगराच्या कुशीतली. घर बत्तीस बाय चोवीस फूट. नवरा मुंबईला, त्यामुळे जोत्यावर मीच उभी राहिले. शाळा सुटली की थेट साईटवर.

दिवाळी झाली की आखणी करा, म्हणजे शिमग्याआधी जोतं उभं राहतं. चारी खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण टेपने मोजा. आमच्या मापाला कर्ण बरोब्बर 40 फूट यायला हवा होता, एक आला 40 फूट 3 इंच. मेस्त्री म्हणाले, "बाई, तीन इंचाने काय होतंय?" मी गणित शिकवते, ऐकणार थोडीच! खुंटी सरकवली, दोन्ही कर्ण जुळले, मगच चुन्याच्या फक्कीने रेघा मारू दिल्या.

खोदाई पक्का मुरूम किंवा कातळ लागेपर्यंत. किती फूट, ते जमीन ठरवते. पहार मारली की टणकन आवाज आला पाहिजे. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत आमच्याकडे अडीच फुटांचा उतार. पायाचा तळ उताराबरोबर तिरका ठेवायचा नाही, पायऱ्या पाडायच्या. चिरा, म्हणजे जांभ्या दगडाचा कापलेला ठोकळा, सात इंच उंच आणि सिमेंट-वाळूचा माल अर्धा इंच, म्हणजे एक थर साडेसात इंच. म्हणून पायरी 15 इंचांची घेतली. दोन थरांत पायरी भरून निघते आणि चिरे फोडत बसावं लागत नाही. लेव्हल पाण्याच्या नळीने घ्या, नळीत हवेचा बुडबुडा नाही ना ते बघून.

तळाला सहा इंच पीसीसी, म्हणजे बिनसळ्यांचं साधं काँक्रीट, त्यावर दोन फूट रुंद बांधकाम, आणि जमिनीवर आलं की 14 इंची जोतं. माल एकास सहा.

चिरा मात्र स्वतः निवडा. खाणीतून नुकता काढलेला जांभा मऊ असतो, वारा लागला की कडक होतो. आम्ही गाडी दीड महिना आधी उतरवून घेतली. प्रत्येक चिरा हातोडीने वाजवायचा. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. पांढरट-पिवळ्या मातीचे डोळे असलेला चिराही नको, पावसात ती माती धुऊन जाते आणि भोकं पडतात. आमचे साठेक चिरे असे निघाले, ते कुंपणाला लावले. लावताना चिरा भिजवलेला हवा, नाहीतर तो मालातलं पाणी शोषून घेतो. वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर येता कामा नये. कोपऱ्यात ओळंबा, मध्ये दोरी. सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा.

जोत्याच्या वर सहा इंचांचा बीम, 12 मिमीच्या चार सळ्या. एका शेजाऱ्यांनी हा खर्च वाचवा म्हणून सुचवलं. 11 डिसेंबर 1967 चा कोयनेचा भूकंप आमच्या सासूबाई अजून सांगतात, तेव्हा तो वाचवायचा प्रश्नच नव्हता. बीमवर ओल चढू नये म्हणून डांबराचे दोन हात.

चुकलं ते संडासाच्या पाईपचं. बांधकामातच भोक सोडायला विसरलो आणि तयार जोतं छिन्नीने फोडावं लागलं. दोन माणसांचा अख्खा दिवस गेला. पाईप कुठून बाहेर पडणार ते आखणीच्या दिवशीच कागदावर काढा.

माझी भाची अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहते. तिच्या घराखाली भराव नाही, ब्लॉकच्या भिंती आणि आत रांगत जाण्याइतकी पोकळी. प्लंबर तिथेच शिरतो. फोटो पाहून मेस्त्री म्हणाले, "आपल्याकडे यात आधी जनावर शिरेल."

आपण जोत्याच्या आत मुरूमच भरतो. सहा-सहा इंचांचे थर, पाणी, मग धुम्मसाने ठोकून घट्ट करायचं. काळी माती नको, झाडांची मुळं नकोत. डोंगराच्या अंगाला जोत्यापासून चार फुटांवर चर खणून पाणी दोन्ही बाजूंनी वळवा, आणि हे मृगाच्या आधी.

फरशीची घाई आम्ही केली नाही. भराव एक पावसाळा उघडा ठेवला. ऑक्टोबरात बघितलं तर मधोमध चार बोटं बसला होता. अजून अर्धी गाडी मुरूम टाकला, धुम्मस केली, मग फरशीवाल्याला फोन लावला.