ब्राउझर साफ करा, पण आपल्या सेटिंग्ज राखून

म्हापसा, फोंडा, मडगावच्या झेरॉक्सच्या दुकानांत एकाच कॉम्प्युटरवर दिवसभर कुणाकुणाचे अर्ज भरले जातात. संध्याकाळी कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट दाबून, दिसेल त्या चौकटीत खूण करून सगळं पुसलं की दुसऱ्या दिवशी रडगाणं सुरू: साइट पुन्हा इंग्रजीत उघडते, मोठी केलेली अक्षरं बारीक झालेली असतात, कॅमेऱ्याची परवानगी परत मागितली जाते.

आपल्या आवडीनिवडी एका जागी साठवलेल्या नसतात, इथेच सगळी गोम आहे. होमपेज, बुकमार्क, फाँट हे ब्राउझरचं स्वतःचं. हिस्टरी पुसल्याने त्याला धक्का लागत नाही. एखाद्या साइटपुरता ठेवलेला झूम आणि कॅमेरा, नोटिफिकेशन, लोकेशनच्या परवानग्या ‘साइट सेटिंग्ज’मध्ये मोडतात. लॉगिन, आणि बहुतेक वेळा साइटवर निवडलेली भाषाही, कुकीज व साइट डेटात, म्हणजे साइटने कॉम्प्युटरवर ठेवलेल्या छोट्या नोंदींत, असते.

म्हणून हाताने साफ करताना हिस्टरी, डाउनलोडची यादी आणि फॉर्ममध्ये भरलेली माहिती एवढ्यावरच खूण करा. ‘साइट सेटिंग्ज’ची खूण काढा. कॅशे, म्हणजे पानांच्या साठवून ठेवलेल्या प्रती, रोज पुसायची गरज नसते. पान अर्धवट दिसत असेल किंवा डिस्क भरत आली असेल तरच. एरवी प्रत्येक चित्र नव्याने उतरवावं लागतं, आणि पावसाळ्यात नेट आधीच रखडलेलं असतं. क्रोममध्ये पासवर्डचीही चौकट दिसत असेल, तर तिला हात लावू नका: सिंक, म्हणजे एकाच खात्याची माहिती सगळ्या उपकरणांवर सारखी ठेवणं, चालू असेल तर पासवर्ड मालकाच्या मोबाइलवरूनही जातात. हिस्टरीही तशीच तिथून जाते, ते ध्यानात ठेवूनच ती पुसा.

साफ करण्याची ही विंडो मागच्या वेळच्या खुणा लक्षात ठेवते, त्यामुळे एकदा नीट लावली की पुन्हा डोकं लावावं लागत नाही. मात्र क्रोममध्ये बेसिक आणि ॲडव्हान्स्ड असे दोन टॅब दिसत असतील, तर दोन्हींच्या खुणा वेगळ्या असतात. एकीकडे लावून दुसरीकडून पुसलं, तर लावलेलं वाया.

कुकीज ब्राउझर बंद होताना आपोआप पुसू द्या, पण रोजच्या साइटसाठी अपवादांची यादी करा. फायरफॉक्समध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, मग कुकीज अँड साइट डेटा. तिथे फायरफॉक्स बंद होताना कुकीज पुसण्याच्या पर्यायावर खूण करा, ‘मॅनेज एक्सेप्शन्स’ उघडा, ‘गोवा ऑनलाइन’सारख्या रोजच्या साइटचा पत्ता टाकून ‘अलाउ’ दाबा आणि बदल सेव्ह करा. क्रोममध्ये साइट सेटिंग्जच्या तळाशी ‘ॲडिशनल कंटेंट सेटिंग्ज’, त्यात ‘ऑन-डिव्हाइस साइट डेटा’. सर्व विंडो बंद होताना डेटा पुसण्याचा पर्याय निवडून खालच्या परवानगीच्या यादीत साइट जोडा.

यादीतली साइटसुद्धा लॉगआउट होत असेल, तर बहुधा तिचं लॉगिन दुसऱ्याच पत्त्यावर होतं. लॉगिनच्या वेळी वरच्या पट्टीत दिसणारा पत्ताही यादीत घाला. दुसरं, हे अपवाद फक्त ब्राउझर बंद होताना पाळले जातात. हाताने कुकीज पुसल्या तर यादी असून नसल्यासारखी. आणि फायरफॉक्समध्ये ‘साइट सेटिंग्ज’वर खूण राहिली, तर ती यादीच पुसली जाते! पुढच्या वेळी ब्राउझर बंद करताच राखलेलं लॉगिनही गेलं.

गिऱ्हाइकांचं काम मात्र मालकाच्या प्रोफाइलमध्ये करूच नये. क्रोमच्या वरच्या उजव्या कोपऱ्यातल्या प्रोफाइलच्या चित्रावर क्लिक करून ‘गेस्ट’ विंडो उघडा. ती बंद केली की त्यातली हिस्टरी आणि कुकीज जातात, तुमच्या सेटिंग्ज जिथल्या तिथे राहतात. डाउनलोड केलेली फाइल तेवढी फोल्डरमध्ये उरते. गिऱ्हाइकाच्या आधारची पीडीएफ असेल तर ती हाताने काढा, आणि रिसायकल बिनमधूनही.